ह्या माणसाला टपाल काय येतं?

माझ्या घरमालकांनी मला पहिल्यांदा झापलं ते एका अनोळखी बाईचं कॅटलॉग मी कचऱ्यात टाकलं म्हणून.

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूपासून चार गल्ल्या आत त्यांचं दुमजली विटांचं घर होतं. खाली काका-काकू, वर मी. राहायला येऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. माझ्याआधी वर राहून गेलेल्या कुणा बाईच्या नावाने बियाण्यांचं जाडजूड कॅटलॉग आलं. मी ते न उघडता रद्दीच्या निळ्या डब्यात टाकलं आणि वर गेले. थोड्या वेळाने खाली उतरले, तर पायरीपाशी काका उभे. एवढ्यात त्यांनी ते डब्यातून काढलंही होतं आणि त्यावरचा कॉफीचा डाग स्वेटरच्या बाहीने पुसत होते.

“हे काय करून राहिली तू?”

“काका, त्या आता इथे राहत नाहीत ना.”

“पण तिला बाग पाहिजे होती,” काका म्हणाले. “वरच्या मजल्यावर राहायची, अंगण नाही, गॅलरी नाही, आणि बियाणं मागवायची. कुठे लावत असेल, विचार केला?”

मी नव्हता केला. मी फक्त डबा कुठला, निळा की काळा, एवढाच विचार केला होता. काकांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की जणू मी त्या बाईलाच डब्यात टाकलं होतं. मग कॅटलॉग छातीशी धरून ते तळघराकडे गेले, नाटकातला राजा विंगेत जातो तसे.

काकांनी एकतीस वर्षं शिकागोत पोस्टमनची नोकरी केली होती. नागपूरहून बी.कॉम. होऊन आलेले, बँकेत काही जमेना, टपाल खात्याची परीक्षा दिली, पास झाले, आणि पिशवी खांद्यावर घेतली ती रिटायर होईपर्यंत. त्यांच्या बरोबरीचे लोक इंजिनियर आणि डॉक्टर. काकू लग्नाकार्यात कुणी विचारलं की सांगायच्या, “हे फेडरल गव्हर्नमेंटमध्ये असतात.” खोटं काही नव्हतं. शेजारी बसलेले काका लगेच पुरवणी जोडायचे, “हो, रोज सहाशे घरी असतो.”

एकतीस वर्षांच्या पिशवीने त्यांचा डावा खांदा दोन बोटं खाली आला होता. कोट कुठलाही घातला तरी तो उसना वाटायचा. खिशात कुत्र्यांची बिस्किटं, रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी. दुसऱ्याच्या हिरवळीवरून ते कधी चालायचे नाहीत. ही सवय इतकी मुरलेली की कुणाच्या घरी पार्टीला गेले तरी मधल्या गालिच्यावरून जायचे नाहीत, भिंतीकडेने पूर्ण फेरी मारून समोशांपर्यंत पोहोचायचे. तोपर्यंत समोसे संपलेले असत. काकू म्हणायच्या, “ह्यांचं ऐकू नकोस गं. मला बघायला आले तेव्हा पहिला प्रश्न काय विचारला माहितेय? तुमच्याकडे पोस्टमन किती वाजता येतो!”

“मग? सांगता आलं नाही हिला,” काका म्हणायचे. “तरी मी हो म्हटलं.”

त्या तळघराबद्दल मात्र मला कुणी सावध केलं नव्हतं. महिनाभराने वॉशिंग मशीन वापरायला खाली उतरले, तर भिंतभर लाकडी खणांचं कपाट. पोस्टमन फेरीला निघण्याआधी ज्यात घरनिहाय टपाल लावतो तसं, काकांनी स्वतः रंधा मारून बनवलेलं. प्रत्येक खणाखाली एकेक नाव चिकटवलेलं, आणि बऱ्याच खणांत पाकिटं. मला वाटलं, हा म्हातारा लोकांचं टपाल अडवून ठेवतो की काय! कपडे तसेच मशीनपाशी टाकून मी वर पळाले.

काकू हसून हसून ओट्याला टेकल्या. “अगं, ती माणसं नाहीत. पात्रं आहेत.”

प्रकार असा होता. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची प्रुफं तपासायचं काम काकांकडे. वेलांटी-उकार तपासता तपासता त्यांना कथांमधल्या माणसांची काळजी वाटू लागली. मग ते पात्राच्या नावाचा खण करायचे आणि त्यात त्या पात्राला येईल असं टपाल टाकायचे. विजेचं बिल, देवळाचं पत्रक, शाळेची नोटीस. खरी पाकिटं, वर नाव-पत्ता काकांच्या अक्षरात. बॉस्टनला असणारी त्यांची मुलगी व्हिडिओवर कपाळावर हात मारून घ्यायची. “बाबा, यू नो दे डोन्ट एक्झिस्ट, राइट?”

“म्हणून तर, बेटा. टपाल येत नाही, म्हणून एक्झिस्ट करत नाहीत.”

मी तेव्हा नुकतीच कथा लिहायला लागले होते. पहिल्या कथेचा पहिलाच खर्डा मोठ्या तोऱ्यात काकांना दिला. ॲशबर्न नावाच्या उपनगरात राहणारा एक आयटीतला गृहस्थ, देशाच्या आठवणीने व्याकुळ, खिडकीशी उभा. तीन पानं उभा. शेवटी एक उसासा.

दुसऱ्या दिवशी काका कागद घेऊन जिना चढून आले. “ह्या माणसाला टपाल काय येतं?”

“अं? काका, आता सगळं ईमेलवर असतं.”

“ईमेलचं पण चालेल. पण ह्याला काहीच येत नाही. दातांच्या डॉक्टरचं साधं पोस्टकार्ड नाही, सहा महिने झाले, या म्हणून. ह्याला दात आहेत का?”

“दातांचा काय संबंध? तो व्याकुळ आहे!”

“व्याकुळ माणसाचा दात दुखत नाही काय, बाप्पा?”

मला राग आला, तरी बसले. त्यांनी सांगितलं, ह्या माणसाचं एका आठवड्याचं टपाल लिहून काढ. सोमवारी काहीच सुचेना. मंगळवारी सोसायटीची नोटीस सुचली, तुमच्या अंगणातलं गवत नियमापेक्षा उंच झालं आहे. आणि त्या एका नोटिशीने माझा गृहस्थ खिडकीपासून हलला! तो घाबरला. बायकोपासून कागद लपवला. शनिवारी पहाटे, शेजारी उठायच्या आत, पायजम्यावर गवत कापायला बाहेर आला. आणि कापलेल्या गवताचा वास आल्यावर त्याला गाव आठवलं. मला उसासा घालावाच लागला नाही. तो आपला आपण आला.

“हां,” काका म्हणाले. “आता ह्याच्या घरी मी टपाल टाकू शकतो.”

मग तो नादच लागला. संध्याकाळी कामावरून आले की मी तळघराच्या पायरीवर बसायची, काका खणांपुढे उभे, आणि खांदा तिरका करून बोलत. त्यांचं म्हणणं, नातेवाइकांपेक्षा जाहिरातींना माणूस जास्त कळतो. कानाच्या यंत्राचं पत्रक यायला लागतं, त्यानंतर दोन वर्षांनी तो गृहस्थ कबूल करतो की मला कमी ऐकू येतं. प्रत्येक पात्राला आधीच्या भाडेकरूच्या नावाचं एक तरी पाकीट यायलाच पाहिजे, कारण आपण सगळेच कुणाच्या तरी नंतर राहायला आलेलो असतो. आणि नाव चुकलेलं एक पाकीट. बरोबर नावाने सगळं टपाल येणारा माणूस त्यांनी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता.

“आणि तुम्ही कधी उघडून वाचलं नाहीत? एकदाही?” मी एकदा डोळे मिचकावून विचारलं.

काकांचा चेहरा पडला. इतका, की मला माझी थट्टा परत घ्यावीशी वाटली. “उघडायचं कशाला?” ते हळू म्हणाले. “बाहेरून कळतं ना. आपल्या लोकांच्या घरी वकिलाचं पाकीट आलं, व्हिसाचं, तर ते दारातच उभ्या-उभ्या उघडतात. आत न्यायची हिंमत होत नाही. अशा वेळी पोस्टमनने पाठ करून उभं राहायचं. पुढच्या घराचं टपाल लावून राहिलो असं दाखवायचं.”

आता ज्या कथेसाठी हे सगळं सांगायला बसले तिच्याकडे येते. कारण हसवण्यापुरतं सांगून मी तुम्हालाही फसवीन आणि स्वतःलाही.

काकांकडे राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी माझे वडील गेले. सांगलीला. मला शेवटचं दर्शन झालं नाही. सगळ्या नात्यात ही गोष्ट माहीत होती की माझ्या दादाने माझी वाट पाहिली नाही. मुलगी म्हणून माझा हक्क नव्हता का? मावश्या-आत्यांनी दादाला फैलावर घेतलं. तो कुणाला काही बोलला नाही. आमचं बोलणं आईच्या औषधांपुरतं उरलं. तीन वर्षं.

त्यावर मी कथा लिहिली. नायिका शिकागोत. फोन येतो. ती वीस मिनिटांत बॅग भरते, विमानतळ गाठते. मधल्या कुठल्याशा विमानतळावर, बॅगेवर बसलेली असताना, तिला कळतं की भावाने सगळं उरकून टाकलं. पुढे लोक भावाला जाब विचारतात, तो दगडासारखा गप्प. शेवट असा केला होता की दगडालाही पाझर फुटावा. भावाला तेवढा फुटत नाही.

अंकाच्या संपादक मावशींचा फोन आला तेव्हा त्या नाक ओढत होत्या. “अगं, काय लिहिलंयस! माझा मस्कारा गेला. अंकाची सुरुवात तुझ्या कथेनेच करते. आणि सांगलीच्या तुझ्या लोकांनाही लिंक पाठव हं, बघू देत त्यांना.”

मी पाठवणारच होते. खरं सांगते, त्या विचाराने मला गुदगुल्या होत होत्या. दादाच्या नावाने आता छापील काहीतरी असणार होतं.

प्रुफं काकांकडे गेली. चार दिवस ते बोलले नाहीत. पाचव्या दिवशी काकूंनी निरोप दिला, “खाली बोलावलंय. चहा घेऊन जा, त्यांनी सकाळपासून घेतला नाही.”

तळघरात दोन नवे खण होते. भावाच्या खणात गच्च पाकिटं. नायिकेच्या खणात एकच.

“भाऊ चांगला जमला,” काका म्हणाले.

मला आश्चर्य वाटलं. “चांगला? तो तर खलनायक आहे.”

“तसं तुला वाटून राहिलं. ह्याला केवढं टपाल येतं बघ. आत्याचं, मावशीचं, सगळ्यांचं एकच, काहून वाट नाही बघितली? आणि हा एकालाही उत्तर देत नाही. मी एकतीस वर्षं लोकांची उत्तरं उचलली, पोरी. चूक असलेला माणूस लगेच उत्तर देतो. लांबलचक देतो. दोन तिकिटं लागतात. हा गप्प आहे. कुणाला तरी सांभाळून राहिला.”

मी चहाचा कप कपाटावर ठेवला. तो कसा ठेवला ते मला अजून आठवतं, कारण तो कलंडला आणि आम्ही दोघांनीही तो उचलला नाही.

“आता ही,” काका नायिकेच्या खणाकडे वळले. “ही काही जमली नाही. हिच्या घरी मला टपाल टाकता येत नाही.”

“का? कामावर जाते, डबा नेते, कपडे धुते, दातसुद्धा दिलेत मी तिला.”

“ही व्हिसावर आहे ना? तूच लिहिलंस. मग बॅग भरायच्या आधी पासपोर्ट काहून नाही उघडला? आपल्यातला कुणीही, आईबाप गेल्याचा फोन आला तरी, पहिल्यांदा पासपोर्ट उघडतो. शिक्क्याची तारीख बघतो. मग रडतो. हिने वीस मिनिटांत सगळं केलं, तेवढंच नाही केलं.”

मी कलंडलेल्या कपाकडे बघत राहिले.

“मला वाटते, हिने बघितली असेल,” काका म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. खणाशी बोलत होते. “मी तुला नाही विचारत. मी हिला विचारून राहिलो.”

त्यांनी खणातलं ते एकच पाकीट काढून माझ्या हातात दिलं. लांब, पांढरं, कोपऱ्यात वकिलाच्या ऑफिसचा पत्ता. आत काही नव्हतं.

“हिने वकिलाला फोन केला होता,” मी म्हणाले. नायिकेबद्दलच बोलत होते मी. “तिचा व्हिसाचा अर्ज अडकला होता. आणखी कागद मागितले होते.”

“काय म्हणाला वकील?”

“जाऊ नका असं नाही म्हणाला. गेलात तर परत येण्याची खात्री देत नाही म्हणाला.”

“आणि भावाला काय सांगितलं हिने?”

“फ्लाइट बघतेय.”

“किती दिवस?”

“अडीच. ते आयसीयूत होते तेव्हा दोन दिवस, आणि... गेल्यावर अर्धा. भाऊ दर तासाला विचारत होता, मिळालं का तिकीट? थांबू का? ती म्हणायची, बघतेय, सांगते. मग तिने फोन सायलेंटवर टाकला, काका. तो बिचारा संध्याकाळपर्यंत थांबला. सगळे लोक उभे होते. आणि मी इथे पलंगावर बसून...”

मी थांबले. कथेतली नायिका कधीच निघून गेली होती. बोलत होते ती मीच.

काकांनी पाठ केली होती. शेजारच्या रिकाम्या खणात ते कुठलीशी पाकिटं लावत होते. लावलेली काढून पुन्हा लावत होते.

शेवटचं पाकीट खणात ठेवून ते म्हणाले, “भाऊ जमला, कारण तो तुझ्या हातून सुटला. त्याला वाईट करायला गेलीस, तो ऐकला नाही. ही नाही जमली, कारण हिला तू काहीच होऊ दिलं नाहीस. साधं भ्यायलासुद्धा दिलं नाहीस.”

दुसऱ्या दिवशी मी संपादक मावशींना फोन करून कथा परत मागितली.

“अगं, पान लागलंय! पहिलंच पान! तिथे आता मी काय घालू?”

“जाहिरात घाला, मावशी.”

त्या वर्षीचा अंक एका दंतवैद्याच्या हसऱ्या जाहिरातीने सुरू होतो. काकांना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी ते पान कापून गवतवाल्या गृहस्थाच्या खणात टाकलं.

दादाला फोन करायला मी निघाले होते, पण काकांनी अडवलं. “फोनवर तू रडशील. मग त्यालाच तुझी समजूत घालावी लागेल. किती कामं करायची त्याने? लिही.”

मी लिहिलं. आयुष्यात इतकं छोटं काही लिहिलं नसेल. पहिलं वाक्य होतं, ‘दादा, मी तेव्हा तिकीट बघत नव्हते, पासपोर्ट बघत होते.’ मावश्यांना आणि आत्यांना मी स्वतः सांगणार आहे, तू काही बोलू नकोस, असंही लिहिलं. मला माफ कर, हे मात्र लिहून खोडलं. तो ओझ्यावर आणखी एक ओझं घेईल असं वाटलं. काकांनी पाकीट तळहातावर तोललं, उघडायला मागितलं नाही, आणि डोक्यावर खात्याची जुनी टोपी चढवून कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत स्वतः गेले. वाटेत कुणाच्याही हिरवळीवर पाय न देता.

मग मी टपालाची वाट बघायला शिकले. मावश्या-आत्यांना फोन केले. एक आत्या म्हणाली, “आम्हाला अंदाज होताच.” तो तिला मुळीच नव्हता. दुसरीने फोन ठेवून दिला. दादाकडून काहीच नाही. एक महिना गेला. काका रोज साडेअकराला नव्या पोस्टमनसाठी खिडकीशी उभे राहायचे, त्याच्या पिशवी अडकवण्याच्या पद्धतीवर टीका करायचे, आणि मी घरी आले की काही न बोलता नकारार्थी मान हलवायचे.

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात पहिला बर्फ पडला. मला सुट्टी होती. काका घरापुढची पार्किंगची जागा उपसत होते, आणि ती दुसऱ्या कुणी बळकावू नये म्हणून आमच्या गल्लीच्या रिवाजाप्रमाणे तिथे खुर्ची मांडायची तयारी चालली होती. पोस्टमन आला. काकांनी त्याच्या हातातून गठ्ठा घेतला, एक पाकीट वेगळं काढलं आणि माझ्यापुढे धरलं. सांगलीचा शिक्का. माझं नाव, पूर्ण पत्ता, सगळं दादाच्या हातचं. त्याचं अक्षर शाळेत होतं तसंच, उजवीकडे पळणारं.

मी ते आत नेलं नाही. दारातच, हातमोजे दातांनी ओढून काढून, उभ्या-उभ्या उघडलं.

काकांनी पाठ केली. उपसून झालेली जागा पुन्हा उपसायला लागले.

चार ओळी होत्या. पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलेलं नाही, तू आलीस की तूच सांग. आईच्या डाव्या गुडघ्याला तिकडे मिळतो तसा पट्टा हवा आहे, माप मागे लिहिलं आहे, पण कुरियर करू नकोस, येशील तेव्हा घेऊन ये. घाई नाही, व्हिसाचं नीट बघ, मी वाट पाहतो.

फावड्याचा आवाज थांबला होता. “काय लिहिलं ते विचारत नाही,” काका पाठमोरेच म्हणाले.

“गुडघ्याचा पट्टा मागवलाय, काका. आईसाठी.” मी कागद उलटून माप बघितलं. “डाव्या.”

“डाव्या,” काका म्हणाले. त्यांनी ते असं म्हटलं की जणू जगातलं सगळं काही त्या एका शब्दाने जागेवर बसलं. “म्हणजे भाऊ पूर्ण झाला.”

“आणि मी?”

आता ते वळले. खाली आलेला खांदा, भुवयांवर बर्फ. माझ्याकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, पत्ता बरोबर आहे की नाही हे ताडून बघावं तसं. मग खुर्ची उचलली, मोकळ्या जागेत मांडली, आणि म्हणाले,

“तुला अजून एक खर्डा लागेल.”